सोलापुरात डे लिली: उन्हाची भीती सोडा, पाण्याची धरा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: मे महिन्यात त्यांनी डोंगरी भागातल्या एका रोपवाटिकेतून कुरिअरनं डे लिलीची ६ रोपं मागवली. सहा रंग, सहा नावं. अंगणातल्या काळ्या मातीत भरपूर शेणखत घालून लावली, ऊन फार म्हणून दोन वेळा पाणी दिलं. जून-जुलैत पानं छान वाढली. सप्टेंबरच्या पावसानंतर चार रोपं एकेक करून बसली. दोन उरलीत, पण त्यांना फूल नाही. ताई विचारतात, सोलापूरच्या उन्हात हे झाड होतं तरी का, माझं काय चुकलं, आणि पुढे याचा संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करू? सोबत सात फोटो आहेत.

ताई, होतं. विजापूर रस्त्यावरच्या माझ्या घराच्या पुढच्या-मागच्या जागेत मिळून आज ३९ डे लिली आहेत. सगळ्यात जुनी मी चादरींच्या सुताच्या रंगखात्यात नोकरीला होतो तेव्हाची, तिला २५ वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात निव्वळ उन्हानं मेलेलं एकही रोप मला आठवत नाही. पाण्यानं मेलेली मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

तुमची चारही पाण्यानंच गेली. तिसऱ्या फोटोत उपटलेलं रोप आहे, त्याचा गड्डा बघा. (सोलापुरात गड्डा म्हटलं की सिद्धेश्वराची यात्रा डोळ्यापुढे येते, पण इथे गड्डा म्हणजे पानं आणि मुळं जिथे एकत्र येतात तो बोटभर टणक भाग. झाडाचा जीव तिथे असतो.) चांगल्या गड्ड्याला नख लावलं तर तो कोवळ्या मुळ्यासारखा पांढरा, करकरीत लागतो. तुमच्याकडचा तपकिरी झालाय आणि कडेनं पाणी सुटलंय. असं रोप जमिनीत असतानाच ओळखता येतं. मधलं पान हलकेच ओढायचं. ते बुडासकट सुळकन हातात आलं आणि नासक्या बटाट्याचा वास आला, तर खाली सगळं संपत आलंय असं समजा. कडेची पानं तेव्हाही हिरवीच असतात, म्हणून आपण फसतो. पानं मलूल दिसली की आपण आणखी पाणी घालतो आणि उरलासुरला जीवही घालवतो.

डे लिलीची मुळं बघितलीत का? नुसते बारीक तंतू नसतात, पेन्सिलीएवढी जाड, मांसल, काही ठिकाणी शेंगदाण्यासारखी फुगलेली असतात. हा तिचा पाण्याचा साठा. म्हणूनच कुरिअरच्या खोक्यात आठ-दहा दिवस मातीशिवाय राहूनही ती जगते. जिच्याकडे स्वतःची टाकी आहे तिला एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं तर काही होत नाही. पण तीच टाकी गरम, चिकट, ओल्या मातीत चार दिवस बुडाली की कुजायला लागते. आपल्याकडे सप्टेंबर हा सगळ्यात जास्त पावसाचा महिना, आणि माती अजून उबदार असते. ओल आणि ऊब एकत्र आली की बुरशी आणि जिवाणू दोघांचं फावतं.

आता उरलेल्या दोन रोपांबद्दल. तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतो. पाचव्या फोटोतलं रोप डे लिली नाहीच. त्याच्या पानांच्या बुडाशी मातीच्या वर कांद्याची मान दिसतेय, आणि पानं जाड, चपटी, पट्ट्यासारखी आहेत. ते हिप्पीअ‍ॅस्ट्रम आहे, ज्याला सगळे अमरीलिस म्हणतात. म्हणून तर ते टिकलं! आपल्याकडे ‘लिली’ या एका शब्दात रोपवाटिकावाले काय वाट्टेल ते विकतात. पावसाच्या सरीबरोबर उमलते ती गुलाबी-पांढरी रेन लिली, पांढऱ्या लांब बोटांची स्पायडर लिली, उन्हाळ्याच्या शेवटी लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली, या सगळ्या कांद्याच्या जातीच्या. डे लिलीला कांदा नसतो. बोटानं माती उकरून बघा, कांदा लागला तर ती डे लिली नव्हे. दुसरी खूण पानांची. डे लिलीची पानं समोरासमोर दोन रांगांत हातपंख्यासारखी उघडतात, आणि एकेक पान मधल्या शिरेवर दुमडलेलं, आडवं कापलं तर ‘व्ही’ आकाराचं. अशा एका पंख्याला मी फुटवा म्हणतो. आणि खऱ्या लिलीची, म्हणजे लग्नाच्या सजावटीत दिसते त्या सुवासिक लिलीची, पानं उभ्या खोडावर चढत जातात. तिचा आणि डे लिलीचा तसा नावापुरताच संबंध. वनस्पतिशास्त्रात डे लिलीचं नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेत ‘हेमेरा’ म्हणजे दिवस आणि ‘कॅलोस’ म्हणजे सौंदर्य. मूळची चीन, जपान, कोरियाकडची.

म्हणजे तुमच्याकडे खरी डे लिली एकच उरली, सहाव्या फोटोतली. ती वाचवायची आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी बाकीचं समजून घ्या, नाहीतर तीही पुढच्या सप्टेंबरात जाईल.

पहिली चूक तुमची नाही, निवडीची आहे. डे लिलीत पानांच्या सवयीनुसार तीन तऱ्हा असतात. एक थंडीत पूर्ण झोपणारी, पानं जमिनीलगत वाळून जातात. दुसरी बारा महिने हिरवी राहणारी. तिसरी दोन्हींच्या मधली. झोपणारीला खरी थंडी लागते, आठवडेच्या आठवडे. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, तिला झोप येणार कशी? अशी रोपं पहिल्या वर्षी अंगातल्या साठ्यावर फुलतात, दुसऱ्या वर्षी बारकी होतात, तिसऱ्या वर्षी एखादा फुटवा घेऊन रडत बसतात. जगातली सगळ्यात प्रसिद्ध डे लिली म्हणजे ‘स्टेला द ओरो’. अमेरिकेत वॉल्टर जॅब्लॉन्स्की यांनी काढलेली, १९७५ सालची नोंद, ठेंगणी, सोनेरी पिवळी, पुन्हापुन्हा फुलणारी. १९८५ साली तिला डे लिलीच्या जगातला सर्वोच्च समजला जाणारा स्टाउट पुरस्कार मिळाला. नवखा माणूस सगळ्यात आधी तीच मागवतो. मीही मागवली होती, दोनदा. ती झोपणाऱ्यांपैकी. माझ्याकडे तिसऱ्या वर्षाच्या पुढे गेली नाही. उलट ‘जोन सीनिअर’ नावाची जवळजवळ पांढरी जात, १९७७ सालची, अमेरिकेच्या उष्ण, दमट लुइझियानात तयार झालेली, बारमाही हिरवी. अशा गरम मुलखात जन्मलेल्या जाती आपल्या घरच्या. विकणाऱ्याला रंग विचारायच्या आधी ‘थंडीत पानं राहतात का?’ हे विचारा. उत्तर आलं नाही तर त्याच्याकडून घेऊ नका.

आता माती. आपली काळी माती ज्वारीसाठी सोनं आहे, डे लिलीसाठी दोन्ही बाजूंनी धारेची सुरी. पावसात ती फुगते, पाणी धरून ठेवते. एप्रिलमध्ये तीच आक्रसते आणि तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांबरोबर आतली मुळंही तटातट तुटतात. तुमच्या अंगणात एक प्रयोग करा. हातभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, ते जिरलं की पुन्हा एक बादली ओता. दुसऱ्या बादलीचं पाणी संध्याकाळी ओतलेलं सकाळी तसंच दिसत असेल, तर त्या जागी खड्डा करून लावायचं नावच काढू नका. खड्ड्यात कितीही चांगली माती भरली तरी भोवतीच्या काळ्या मातीत तो खड्डा म्हणजे हौदच होतो. तुम्ही नेमकं हेच केलंत, वर शेणखत घातलंत, तेही बहुधा पूर्ण न कुजलेलं.

मी गादीवाफा करतो. जमिनीपासून वीतभर उंच, कडेला विटा आडव्या नाहीतर फरशीचे तुकडे. एक वाटा काळी माती, एक वाटा चाळलेला मुरूम (बारीक वाळू नको, ती काळ्या मातीत मिसळून सिमेंट होते), एक वाटा पुरतं कुजलेलं खत. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको, पावसाच्या पहिल्या सरीचा यावा. वाफ्याला मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. लावताना मधे मातीची छोटी टेकडी करायची, तिच्यावर गड्डा बसवून मुळं चारी बाजूंनी खाली पसरायची आणि माती ओढायची. गड्डा मातीच्या पृष्ठभागाशी असला पाहिजे, फार तर अर्धा इंच खाली. थंड मुलखातल्या लोकांचं ऐकून दीड-दोन इंच गाडाल तर इथे कुजेल, आणि कुजलं नाही तरी फुलणार नाही. दोन रोपांत दीड फूट.

जागा नसेल तर कुंडी. १२ इंचांपेक्षा लहान नको, आणि प्लास्टिकची काळी तर नकोच, एप्रिल-मेच्या दुपारी तिच्या बाजूला हात लावून बघा. मातीची कुंडी, तळाला तीन भोकं, दोन विटांवर उचलून ठेवलेली. गच्चीवर ठेवणार असाल तर फरशीची धग आधी लक्षात घ्या.

पाण्याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या लिहायला हव्यात, कारण बाहेरगावचा कुणी त्या सांगणार नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे आलं की माणूस झाडांना तुडुंब पाजतो, पुन्हा पाणी कधी येईल याची खात्री नसते म्हणून. हे डे लिलीला मानवत नाही. नळाच्या दिवशी पिंप भरून ठेवा आणि त्यातून बोट खुपसून बघून द्या. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात माझ्याकडे वाफ्याला एक दिवसाआड आणि कुंड्यांना रोज सकाळी लागतं, पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस काही देत नाही. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. ते जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो तो क्षारांचा. घरोघरी आता आर.ओ.ची मशीनं आलीत, त्यातून बाहेर पडणारं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून लोक झाडांना घालतात. नका घालू. मशीननं पाण्यातले काढलेले सगळे क्षार त्या बाहेरच्या नळीत गोळा झालेले असतात. त्यापेक्षा एसीच्या नळीखाली बादली ठेवा, त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मी शेजाऱ्यांच्या एसीखालीही एक डबा ठेवलाय, त्यांच्या परवानगीनं.

जमीन चुनखडीची असल्यामुळे आणखी एक होतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक नत्र कमी पडलं म्हणून युरिया टाकतात. ते लोह असतं. मातीत लोह असतंच, पण चुनखडीच्या विम्ल (आम्लाच्या उलट) जमिनीत झाडाला ते उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्त्व टाकून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरवड्यानं पुन्हा एकदा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत, आणि मग घरात माझ्यासारखी बोलणी खावी लागतात.

‘फूल नाही’ या तक्रारीचं बहुतेक वेळा कारण एकच असतं, सावली. ऊन लागेल म्हणून माणूस रोप भिंतीआड लावतो. डे लिलीला पाच-सहा तास थेट ऊन हवंच. फक्त ते सकाळचं हवं. पूर्वेकडची बाजू, दुपारी एकनंतर घराची सावली येईल अशी, ही सोलापुरातली तिची आदर्श जागा. तशी नसेल तर १५ मार्च ते १५ जून एवढेच तीन महिने हिरवी जाळी, ५० टक्क्यांची, आणि तीही पश्चिमेकडून तिरकी. वर्षभर जाळी ठेवाल तर पानंच बघत बसाल. दुसरं कारण नत्राचं. शेणखत, त्यावर गांडूळखत, त्यावर दाणेदार युरिया असा फराळ चालू असला की झाड फुलायचं विसरतं. माझं वेळापत्रक साधं आहे. दिवाळीनंतर एकदा कुजलेलं खत, जानेवारीच्या शेवटी मूठभर बोनमील (हाडांचा चुरा). राख मात्र नाही. राख का नाही? ती जमीन आणखी विम्ल करते, आणि आपल्याकडे त्याची आधीच कमी नाही. तिसरं कारण म्हणजे धीर. नवीन रोप पहिल्या वर्षी मुळं धरतं.

माझ्याकडे पहिला बहर फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. मे महिन्यात सगळं थांबतं, कळ्या आल्या तरी वाळतात. मग जुलै ते ऑक्टोबर अधूनमधून दांडे येत राहतात, जातीजातीप्रमाणे. एकेक फूल एकाच दिवसाचं. सकाळी उमलतं, रात्री मिटतं, उद्या त्याचा चिकट गोळा झालेला असतो, तो रोज खुडायचा. पण एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या आणि एका जुन्या गड्ड्याला चार-पाच दांडे, म्हणजे महिनाभर कुणी ना कुणी हजर असतं. फुलदाणीत ठेवायला हे फूल निरुपयोगी. देवाला वाहायला उत्तम, सकाळचं संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतं.

रंगांवर मात्र मी जरा जास्त बोलणार, तीस वर्षं चादरींच्या सुताला रंग देण्यात गेलीत. कच्चा रंग आणि पक्का रंग यातला फरक डे लिलीत जेवढा उघड दिसतो तेवढा मी दुसऱ्या कुठल्या फुलात पाहिला नाही. पिवळा आणि केशरी पक्के. ते रंगद्रव्य गाजरातल्यासारखं, पेशीत घट्ट बसलेलं. लाल, जांभळा, काळपट वाईनसारखा, हे रंग पेशीतल्या पाण्यात विरघळलेले. मार्चमध्ये सकाळी आठला जी गडद लाल मखमल असते तिच्यावर दुपारी दोनला कुणी ब्लीचचे थेंब उडवल्यासारखं दिसतं, कडा चुरगळतात, रंग बोटाला लागतो. म्हणून लाल-जांभळ्यांना मी भिंतीच्या अगदी जवळ लावतो, अकरानंतर ऊन जाईल अशा ठिकाणी. पिवळ्या उघड्यावर. गुलाबी मधेच कुठेतरी, आणि आपल्या उन्हात गुलाबीचा बहुतेकदा फिकट शेंदरी होतो, तो मला खरंतर जास्त आवडतो. फिकट रंग ऊन झेलतात, गडद रंग ऊन पितात.

आणि निळी डे लिली नसते. जाहिरातीत दिसते ती मोबाइलवर रंगवलेली असते. शुद्ध पांढरीही नसते, जी असते ती साईसारखी. ‘सात रंगांचं मिश्र बी’ म्हणून जे विकतात त्यातून माझ्या एका मित्राच्या घरी चक्क कांद्याची पात उगवली.

मूळच्या रानातल्या जाती पिवळ्या, केशरी आणि विटकरी एवढ्याच. लाल रंग माणसानं हळूहळू काढलेला आहे. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो बर्डेट स्टाउट नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी अनेक वर्षं संकर केले आणि १९३४ साली ‘थेरॉन’ ही पहिली म्हणावी अशी लाल डे लिली बाहेर आणली. पुरस्काराला नाव त्यांचंच. त्यानंतर जाड पाकळ्यांच्या जाती आल्या. साध्या डे लिलीच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात, कोल्चिसिन नावाचं रसायन लावून ती ४४ करता येतात. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या बियांतही असतं, हे वाचल्यापासून मी कुंपणावरच्या कळलावीकडे जरा आदरानं बघतो. (घरी प्रयोग करू नका, जहाल विष आहे.) ४४वाल्यांच्या पाकळ्या जाड, म्हणून आपल्या दुपारी जास्त तग धरतात. घेताना ‘टेट्राप्लॉइड’ (म्हणजे ४४वाली) असं लिहिलेलं दिसलं तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

कीड-रोगाचं फार नाही. हिवाळ्यात कोवळ्या दांड्यांवर मावा येतो, दोन बोटांनी पुसून काढायचा. फुलकिडे कळ्या वाकड्या करतात, त्या खुडून टाकायच्या. खरा त्रास एप्रिलमधल्या लाल कोळ्याचा. पानावर पांढुरके ठिपके, मागून बारीक जाळी. सकाळी नळीला बोट लावून पानांच्या मागच्या बाजूला जोराचा फवारा मारायचा, तीन-चार दिवस सलग. तरी नाही आटोपलं तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, आणि तेही ऊन उतरल्यावर. नवीन रोप आणलं की महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवा. पांढरा रुमाल पानाच्या मागून फिरवून बघा, नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा आहे. अमेरिकेत हा तांबेरा २००० साली पहिल्यांदा सापडला आणि विकतच्या रोपांबरोबर काही वर्षांत देशभर गेला. घरात मांजर असेल तर आणखी एक, डे लिलीचा कुठलाही भाग मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतो, परागकण अंगावर पडून चाटले तरी. बागेत मांजर पाळणारे हे हसण्यावारी नेतात, नेऊ नका.

चिनी स्वयंपाकात हिच्या कळ्या वाळवून सूपमध्ये घालतात. पण तुमच्या सहापैकी एक अमरीलिस निघाली हे लक्षात ठेवा. ती विषारी. नावाची खात्री नसलेली ‘लिली’ तोंडात घालायची नाही.

आता संग्रह. जगात नोंदलेल्या डे लिलींची संख्या लाखाच्या घरात आहे, तेव्हा सगळ्या गोळा करायचा विचार आधीच सोडा. मी एकेकाळी दोन वर्षांत साठ केल्या होत्या. त्यातल्या वीसेक मेल्या, आणि वाईट याचं वाटलं की त्यातल्या निम्म्यांची नावं मला सांगता येत नव्हती. नावं गेली कारण सोलापूरचं ऊन. प्लास्टिकच्या पट्टीवर पर्मनंट मार्करनं लिहिलेलं एका उन्हाळ्यात कोरं होतं, मार्करवर काय वाट्टेल ते छापलेलं असो. रंगखात्यात आम्ही प्रत्येक लॉटला पत्र्याचा बिल्ला बांधायचो, अंक ठोकलेला, उकळत्या भांड्यातून सुतासकट जाऊन यायचा. ते आठवलं आणि तेव्हापासून मी शीतपेयाचे रिकामे डबे कापून पट्ट्या करतो. जुन्या वहीवर पट्टी ठेवायची आणि संपलेल्या बॉलपेननं दाबून अंक कोरायचा. खोलगट उमटतो, शाई नसल्यामुळे उडायचं काही नाही. एक पट्टी तारेनं रोपाला, दुसरी तसल्याच अंकाची मुळांजवळ मातीत. वरची वावटळीत गेली तरी खालची राहते. वहीत अंकापुढे लिहायचं: कुठून आलं, कधी लावलं, थंडीत पानं राहिली का, पहिला दांडा किती तारखेला, किती कळ्या, दुपारी दोनला रंग कसा. एवढं दोन वर्षं लिहिलंत तर कुठल्या सहा ठेवायच्या आणि कुठल्या वाटून टाकायच्या ते वहीच सांगते.

आणि विकत घेण्याआधी गावात बघा. माझी सगळ्यात तगडी डे लिली विकतची नाही. रेल्वे लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात गटाराच्या कडेला केशरी, दुहेरी पाकळ्यांची एक रांग होती, कुणी लावली तेही कुणाला आठवत नव्हतं. तिथल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘ने की, ते काय मरत नाही.’ फावड्यानं कोपरा कापून दिला. ती जात बीजच धरत नाही, गुणसूत्रांचा हिशेब विषम, ३३. ती फक्त जमिनीखालून पसरते, म्हणजे गावात जिथे जिथे ती आहे तिथे कुणीतरी कुणाला तरी हातानं दिलेली आहे.

बाकीच्या साध्या जातींत मात्र स्वतःचं बी करायला शिका, त्यात खरी गंमत आहे. सकाळी आठच्या आत, उन्हं चढायच्या आधी. फुलात सहा पुंकेसर असतात, त्यातला एक चिमट्यानं तोडायचा आणि दुसऱ्या फुलातल्या लांब स्त्रीकेसराच्या टोकाला त्याची भुकटी लावायची. एवढंच. मार्चनंतर उष्णतेनं बोंडं धरत नाहीत, तेव्हा पहिल्या बहरातच काय ते करा. २२ आणि ४४चं लग्न जमत नाही, हेही ध्यानात ठेवा. कुठल्या फुलावर कुणाचे पराग लावले ते कळावं म्हणून मी देठाला रंगीत सूत बांधतो. सुताची या गावात कमी नाही, प्रत्येक नराला एक रंग ठरलेला. दीड-दोन महिन्यांत बोंड तपकिरी होऊन फुटतं, आत काळं चकचकीत बी, मिरीएवढं. ते फुटायच्या आदल्या दिवशी काढायला जमलं तर जमलं, नाहीतर मुंग्यांचं. मलमलीची पुरचुंडी बांधून ठेवा. ओल्या कोकोपीटमध्ये पेरा, दोन-तीन आठवड्यांत उगवतं, आणि फूल यायला दोन वर्षं. शंभरातली नव्वद रोपं चारचौघांसारखी निघतात. आईबापांपैकी कुणासारखंच नसलेलं एखादं निघतं आणि त्या दिवशी आमच्याकडे चहा दोनदा होतो.

आता तुमचं सहाव्या फोटोतलं रोप. पावसाची उघडीप बघून या आठवड्यातच उपटा. मुळं धुवा, मऊ तपकिरी मुळं कात्रीनं काढा, गड्ड्यावर डाग असेल तर पांढरं, टणक लागेपर्यंत चाकूनं खरवडा, दर कापाला चाकू स्पिरिटनं पुसत. पानं सहा इंचांवर छाटा. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावून दोन दिवस सावलीत, वारा लागेल असं उघडं ठेवा. भीती वाटेल, पण काही होत नाही. मग नुसत्या मुरूम आणि कोकोपीटच्या कुंडीत वर सांगितल्यासारखं टेकडीवर बसवा आणि पहिले चार दिवस पाण्याचा थेंबही नको. नवं पान आलं की जगलं. दिवाळीनंतर गादीवाफा तयार करून त्यात हलवा. नवीन रोपं घ्यायची तर तीही तेव्हाच, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, मे महिन्यात कधीही नाही. सुरुवातीला चारच घ्या, तीन पिवळ्या-केशरी, एक लाल हौसेची.

फोटोवरून ती उरलेली कुठली ते मला सांगता येणार नाही, तिच्या नावाची पट्टी कोरी झालेली दिसतेय. फेब्रुवारीत फुलली तर तिला तुमचा १ नंबर द्या. फुटवे झाले की त्यातला एक मला द्या, बदल्यात आजींची केशरी घेऊन जा. येताना पिशवी जाड आणा, तिची मुळं पातळ पिशवी फाडतात.